गरम नळाचं पाणी

रत्नागिरी, १४ मे २०२२

प्रिय शैलजा,

तुला दुवा, अवधूतभाऊंना सलाम. आम्ही दोघं सुखरूप पोहोचलो.

फोनच केला असता, पण आमच्या या घरात फोन म्हणजे लाउडस्पीकर. मी 'हॅलो' म्हटलं की माझी जाऊ अजरा, तिच्या दोन सुना आणि शेजारच्या जैतूनखाला, चौघी कान टवकारून बसतात. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवते. तूही तसंच कर. नाशकात पंधरा वर्षं शाळेत शिकवलंस, तुझं अक्षर तरी वाचता येईल.

रहमानच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. २६ तारखेला कोल्हापूरला बायपास आहे. काल डॉक्टरांनी विचारलं, "चाचा, कसली एवढी काळजी करता?" हे म्हणाले, "नवाबची." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. मी म्हटलं, पोहत येईल हो, पण त्याचा पासपोर्ट नाही.

थट्टा बाजूला. नवाब आमचा ताटाएवढा ऑस्कर मासा, नऊ वर्षांचा, पण ह्यांचा जीव त्याच्यात किती आहे ते तुला मी सांगायला नको. सत्तावीस वर्षं हा माणूस दोह्यात स्टोअरकीपर. त्या नव्या स्टेडियमच्या वायरी ह्यांच्या हातून मोजून गेल्या. सप्टेंबरात परत जायचं आणि नोव्हेंबरात त्याच स्टेडियममध्ये बसून वर्ल्ड कपची एक तरी मॅच बघायची, असं ठरवून बसलेत. "मी येईपर्यंत नवाब राहिला पाहिजे," एवढंच सारखं म्हणतात. त्याला काही झालं तर हे धीर सोडतील. मग तो डॉक्टर काय करणार?

दोह्यातल्या आमच्या मुंतझा भागातल्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. दर शुक्रवारी जा आणि पाणी बदल. ह्यांनी टाकीवर कागद चिकटवलाय. त्यात लिहिलंय तेवढंच कर. तुझ्या निळ्या ब्लाउजच्या बाह्या माझ्या मशीनवर अर्ध्या राहिल्यात. नवाब जगला तर बाह्या मिळतील.

तुझी,
ताहेराभाभी


दोहा, २० मे २०२२

ताहेराभाभी, सप्रेम नमस्कार.

बाह्यांची धमकी पोहोचली. बिनबाह्यांची फिरेन, पण नवाबला जगवेन.

आज अल दुहैलहून गाडी काढून तुमच्याकडे गेले. नवाबाने मला बघून पाठ फिरवली. मी त्याला चार गोळ्या घातल्या, त्या त्याने तोंडात घेऊन माझ्याकडे थुंकल्या. स्वभाव कोणाकडून घेतलाय ते मी बोलत नाही.

रहमानभाईंचा कागद वाचला. माणूस कितीही चांगला असला तरी लिहिताना चुकतोच. त्यांनी चक्क लिहिलंय, 'पाणी गरम नळाचं घ्यावं.' बिचाऱ्यांच्या छातीत तेव्हा दुखत असेल. मी लाल पेनाने 'गरम' खोडून 'थंड' केलं आहे. आणखी एक. 'एका वेळी पाव टाकीच बदलावी.' भाभी, रागावू नका, पण ते पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. तळाला चार-पाच वाळकी पानं कुजत पडलीत. त्यातलं पाव पाणी बदलून काय होणार? पुढच्या शुक्रवारी सगळी टाकी रिकामी करून स्वच्छ घासते. रहमानभाई परत येतील तेव्हा आरशासारखी चमकेल.

अवधूत म्हणतो, लिहिलंय तेवढंच कर. पण तो घरातला दिवा लावतानाही मॅन्युअल वाचणारा माणूस आहे.

ऑपरेशनसाठी देवाजवळ दिवा लावलाय.

तुमची,
शैलजा


दोहा, २८ मे २०२२

ताहेराभाभींना नमस्कार.

ऑपरेशन छान झाल्याचं तुमच्या बिल्डिंगमधल्या, सध्या सुट्टीवर तिकडे आलेल्या इकबालकडून कळलं. जीव भांड्यात पडला. समुद्राकाठी कॉर्निशवर वर्ल्ड कपचं ते मोठं घड्याळ आहे ना, दिवस उलटे मोजणारं, त्याच्यासमोर उभी राहून मी चक्क हात जोडले. एक फिलिपिनो जोडपं माझ्याकडे बघत होतं.

इकडे सर्व ठीक. नवाब उत्तम आहे. थोडा आराम करतोय. टाकी स्वच्छ झाली. हवा फार तापली आहे. तुमच्या फ्रीझरमधली सुरमई मी वापरली, नवी आणून ठेवीन.

तुम्ही तब्येतीला जपा. माशाची अजिबात काळजी करू नका.

शैलजा


कोल्हापूर, ४ जून २०२२

प्रिय शैलजा,

हॉस्पिटलात फोन अजराच्या पिशवीत होता. तुझी दोन्ही पत्रं आज एकदम वाचली. ह्यांच्या खाटेशेजारी बसून वाचली, म्हणून ओरडले नाही.

मी शिवणकाम करणारी बाई आहे. टाका कुठे सुटलाय ते मला लांबून दिसतं. पहिलं पत्र दोन पानांचं आणि दुसरं एवढंसं. 'हवा फार तापली आहे' म्हणे. दोह्यात मे महिन्यात हवा तापली, ही बातमी मला कोल्हापुरात कळवतेस? नवाब नऊ वर्षांत एकदाही आराम करताना मी बघितला नाही. तो एक तर खातो, नाही तर रुसतो. आणि शाकाहारी बाई, तू सुरमईचं काय केलंस?

लाल पेनाचं तर काय बोलू! आमच्या बिल्डिंगच्या टाक्या गच्चीवर उन्हात आहेत. मे लागला की थंड नळाला चहाचं पाणी येतं. म्हणून एप्रिल संपता संपता आम्ही गीझर बंद करून टाकतो. गीझर आत, एसीच्या गारव्यात. त्यात पाणी निवतं. म्हणजे उन्हाळाभर गरम नळाला गार पाणी आणि थंड नळाला कढत. मुंतझातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. तुमच्या कंपाउंडात टाकीला कूलर बसवलेला, तुम्हाला कुठून कळणार!

आता खरं सांग. नवाब आहे ना? ह्यांनी शुद्धीवर आल्यावर पाणी मागितलं, आणि मग विचारलं, "नवाब?" मी 'मजेत आहे' म्हणून सांगून बसले. मला खोटी पाडू नकोस.

ताहेराभाभी


दोहा, ५ जून २०२२

भाभी,

आहे. नवाब जिवंत आहे. हे आधी लिहिते आणि मग रडगाणं.

त्या शुक्रवारी मी पदर खोचून कामाला लागले. पानं काढून कचऱ्यात टाकली. पाणी इतकं काढलं की नवाबला आडवं पडूनच पोहावं लागत होतं. काचा घासल्या. फिल्टरमधला स्पंज काळाकुट्ट होता, तो नळाखाली धरून कापसासारखा पांढरा केला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग रबरी पाइप थंड नळाला जोडून टाकीत सोडला आणि तुमच्याच किचनमध्ये चहा करायला गेले.

चहाला उकळी येते तोच फाडकन आवाज आला. नवाबाने शेपटी आपटली होती. धावत जाऊन काचेला हात लावला, तर काच गरम. पाण्यात बोट घातलं आणि ओरडले. नळ बंद केला, अवधूतला फोन केला. तो रास लफानला प्लांटवर. म्हणाला, "आधी मला टेम्परेचरचं रीडिंग दे." मी म्हटलं, रीडिंग नाही, मासा शिजतोय! तेव्हा म्हणाला, "कूलिंग दे, पण हळूहळू."

तुमचा फ्रीझर उघडला. बर्फ मूठभर, बाकी सगळी सुरमई. जन्मात मासळीला हात न लावलेली मी, ती पाकिटं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून पाण्यावर तरंगत सोडली. माशाने माशाला वाचवलं, असं म्हणा. तासाभराने पाणी कोमट झालं. नवाब तळाशी एका कुशीवर पडला होता. अंगावरचे ते केशरी डाग पार विटलेले. एक कल्ला हलत होता, त्याच्याकडे बघत मी फरशीवर बसून राहिले.

आज नववा दिवस. तो खात नाही. आणि मी एवढी घासलेली टाकी दुधासारखी पांढुरकी झालीय. तुमच्या ऑपरेशनच्या गडबडीत माशाचं विचारायला मला लाज वाटली, आणि खरं सांगायची भीती वाटली. लोक मला उंटावरची शहाणी म्हणोत, उंटाच्या देशात राहतेच आहे. पण रहमानभाईंना कळू देऊ नका. काय करू ते सांगा. या वेळी लिहिलेलं शब्दशः करीन.

शैलजा


रत्नागिरी, ९ जून २०२२

प्रिय शैलजा,

आम्ही घरी आलो. तुझं पत्र मी ह्यांच्यापासून लपवणारच होते. पण परवा अंघोळीला गेले आणि फोन ह्यांच्या उशाशी राहिला. बाहेर येते तर हे छातीवर उशी दाबून धरून बसलेत, डोळ्यांतून पाणी. मी ओल्या केसांनीच धावले. जवळ गेले तर हसताहेत! "मासा शिजतोय" हे वाक्य तीनदा वाचलं. टाके दुखत होते तरी हसत होते. शैलजा, महिन्यात पहिल्यांदा हसले. मी तुझ्यावर रागावायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

आता हे सांगतात ते लिहून घे, आणि लाल पेन अवधूतभाऊंकडे जमा कर.

नवाब मरत नाही. तो रुसलाय. ऑस्करला पाणी आवडलं नाही की तो असाच कुशीवर पडून मेल्याचं सोंग करतो. पण पाणी पांढरं झालंय ते सोंग नाही. त्या काळ्या स्पंजमध्येच पाण्याला सांभाळणारे बारीक जीव असतात. माशाची घाण ते खातात. तू त्यांना धुऊन टाकलंस. ते पुन्हा वाढेपर्यंत एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलायचं. पाव म्हणजे पावच, तुझा पाव नाही. पाणी गरम नळाचं. बादल्या भरून एक दिवस एसीच्या खोलीत ठेवायच्या. मग कपाटातल्या निळ्या बाटलीतले थेंब घालायचे, नळाच्या पाण्यातलं औषध त्याने मरतं. टाकीत ओतायच्या आधी कोपर बुडवून बघायचं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. टाकीतलं आणि बादलीतलं सारखं लागलं तरच ओतायचं, तेही तांब्याने, काचेच्या कडेने. स्पंजला आता हात नाही. पुढे कधी धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. आणि दोन दिवस खायला घालू नकोस. तू आग्रह करणारी, म्हणून मुद्दाम लिहिते.

ती कुजकी पानं म्हणजे आमच्या परसातल्या बदामाची. हे दर सुट्टीत वाळवून घेऊन जातात. त्यांनी पाणी चहासारखं होतं आणि माशाला ते मानवतं. इकबाल १५ तारखेला परत निघेल, त्याच्याबरोबर पिशवीभर पाठवते. कस्टमवाल्याने विचारलं तर तो काय सांगेल अल्ला जाणे.

आणि सुरमई विकत आणू नकोस. दुकानदार तुला शिळी देईल.

ताहेराभाभी


दोहा, १२ ऑगस्ट २०२२

ताहेराभाभींना सप्रेम नमस्कार.

नवाब आता माझ्या हातातून कोळंबी घेतो. होय, कोळंबी. मी सोलते. नाशकात माझ्या सासूबाईंना कळलं तर माझंच पाणी बदलतील. डाग पुन्हा केशरी झाले आहेत, आणि पाणी छान कोऱ्या चहासारखं आहे. परवा एक पाहुणी म्हणाली, किती घाण पाणी! मी तिला पंधरा मिनिटं लेक्चर दिलं.

पण एक वाईट बातमी आहे. तुमच्या दारावर नोटीस लागली आहे. मालकाला सगळी बिल्डिंग वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी द्यायची आहे. महिनाअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. जिन्यात नुसत्या गाद्या आणि खोकी. इकबालने पण अल नस्रला खोली बघितली.

सामानाचं तुम्ही म्हणाल तसं करू. नवाबला मात्र मी आमच्याकडे नेते. अवधूतने त्याचा प्लॅन काढलाय, चक्क कागदावर बाण काढून. अर्धं जुनं पाणी कॅनमध्ये भरून सोबत न्यायचं, स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवायचा, आणि नवाब झाकणाच्या टबात माझ्या मांडीवर. म्हणजे तुम्ही सप्टेंबरात याल तेव्हा तो आमच्या हॉलमध्ये तुमच्याकडे पाठ फिरवून तयार असेल.

नवं घर बघू का तुमच्यासाठी? तिकिटं किती तारखेची काढताय? भाभी, दोन महिने तुम्ही तारखेचं काही लिहीत नाही. मलाही आता टाका सुटलेला दिसतो.

शैलजा


रत्नागिरी, १८ ऑगस्ट २०२२

शैलजा,

घर बघू नकोस.

आम्ही येणार नाही. डॉक्टरांनी जूनमध्येच मला एकटीला सांगितलं की ह्यांना परत तिकडच्या उन्हात आणि कामात पाठवू नका. कंपनीलाही मी कळवून टाकलं. तुला लिहायला दहा वेळा कागद घेतला आणि दहा वेळा नवाबच्या गोष्टी लिहून संपवला.

ह्यांना हे माहीत नाही. सप्टेंबर, सप्टेंबर करत हे रोज अंगणात दहा फेऱ्या जास्त घालतात. मी ते तोडलं तर हे खाटेवरून उठायचेच नाहीत. म्हणून मीही सप्टेंबर म्हणते. आता नोटिशीचं कसं सांगू? आम्हाला मूलबाळ नाही, त्या दोन खोल्यांत आमचं सगळं होतं. मला स्वतःला किती वाईट वाटतंय ते बघायला मला सवडच मिळालेली नाही.

तू ह्यांना काही लिहू नकोस. तुझं मजेचं पत्र तेवढं पाठवत राहा.

ताहेराभाभी


रत्नागिरी, १९ ऑगस्ट २०२२

शैलजाताईंना रहमानचा सलाम.

ताहेरा अजराबरोबर बाजारात गेली आहे. तेवढ्यात लिहितो. माझ्या चुका काढू नका.

नोटिशीचं मला इकबालने सांगितलं. नवाबला तुम्ही नेताय, शुक्रन. पण मी तुम्हाला खरं सांगतो. मी आता दोह्याला येणार नाही. अंगणात दहा फेऱ्या मारल्या की मला कळतं, हा माणूस विमानाच्या जिन्यापर्यंत जाणारा नाही. मॅच मी टीव्हीवर बघीन. त्याचं मला एवढं काही नाही.

पण ताहेराला हे सांगू नका. ती अजून सप्टेंबर धरून बसली आहे. तिथे तिचं शिवणकाम, तिच्या बायका, तुम्ही. इथे तिला कोण विचारतं? मी नाही म्हटलं तर ती मोडून पडेल. म्हणून मी रोज तिच्यासमोर सप्टेंबरचं बोलतो आणि फेऱ्या मारतो. इन्शाल्ला हळूहळू तिलाच समजेल.

नवाबला रात्रीचं खायला देऊ नका.

रहमान


दोहा, २१ ऑगस्ट २०२२

ताहेराभाभी आणि रहमानभाई, दोघांना एकत्र नमस्कार.

मला आजवर कोणी काही गुपित सांगितलं की मी ते पोटात ठेवलंय. शाळेत असताना हेडमास्तरांचंही ठेवलं. पण तुमचं दोघांचं एकच गुपित, ते मी दोन पोटांत कशी ठेवू?

म्हणून आज मी पहिल्यांदा विश्वासघात करतेय. भाभी, तुमच्या फोनवर आत्ता जो फोटो आला आहे ते रहमानभाईंचं पत्र आहे. रहमानभाई, तुमच्या फोनवर भाभींचं आलं आहे. एकही अक्षर सुधारलेलं नाही.

अजराभाभींना आणि जैतूनखालांना बाहेर पाठवा, दार लावून घ्या आणि वाचा. मग माझ्यावर काय रागवायचं ते दोघं मिळून रागवा. मला फार भीती वाटतेय. रहमानभाईंच्या छातीला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. पण तुम्ही दोघं एकाच अंगणात एकमेकांसाठी चालताय आणि थकताय, हे मला इतक्या लांबून बघवेना.

उत्तर आलं नाही तर मी फोन करीन, मग ऐकू दे सगळ्या घराला.

शैलजा


रत्नागिरी, २५ ऑगस्ट २०२२

प्रिय शैलजा,

चार दिवस उत्तर दिलं नाही. म्हटलं, थोडी शिक्षा तुलाही हवी. फोन तू सहा वेळा केलास, ते मोजलंय.

आम्ही दार लावून वाचलं. ह्यांनी माझं वाचलं, मी ह्यांचं. मग हे म्हणाले, "म्हणजे गेले दोन महिने मी उगाच जास्तीच्या फेऱ्या मारल्या?" मी म्हटलं, "आणि मी उगाच रोज मोजल्या?" मग मी रडले. चांगली तासभर रडले. त्या दोन खोल्यांसाठी, मशीनसाठी, जिन्यात सिलिंडर आपटत चढणाऱ्या गॅसवाल्यासाठीसुद्धा. ह्यांनी रडू दिलं. मध्येच उठून स्वतः चहा केला, साखर विसरले, तो आम्ही तसाच प्यायलो.

माझं मशीन इकबालच्या बायकोला दे. भांडी तुला हवीत ती घे, बाकीची वाट. नवाब तुम्हालाच राहू दे. आम्ही पाहुणा म्हणून ठेवला नव्हता, तू त्याला घरजावई समज. मान मागेल, तो द्यायचा. चुकलं तर आमच्याकडे परत पाठवायची सोय नाही. हे म्हणतात, त्याचं वर्षभराचं लिहून देतो. मी म्हटलं, काही लिहू नका, तिला आता येतं.

खाटेखाली ह्यांची दोह्याची बॅग भरून ठेवलेली होती. काल दोघांनी बसून ती रिकामी केली. शर्ट कपाटात लावले, बॅगेत आता गोधड्या भरल्यात. मला वाटलं होतं, ती उघडली की माझा जीव जाईल. तसं काही झालं नाही. दुपारी मी अजराच्या धाकट्या सुनेच्या ब्लाउजचं माप घेतलं.

तुझी,
ताहेराभाभी